पटावरची लता शितोळे

४ ऑगस्ट, सोमवार

माजी विद्यार्थिनी संघाची मीटिंग. वेळ चारची, सुरू सव्वाचारला. सुमनताईंनी घड्याळाकडे बघून "आपण पुण्यातच राहतो ना?" असं विचारलंच. यापुढे त्यांना सु.ता. लिहीन, अंगठा दुखतो. अध्यक्ष म्हणून त्यांचं हे नववं वर्ष. निवडणूक कोणी मागत नाही, मागितली तर काम करावं लागेल.

जानेवारीत शाळेचा अमृतमहोत्सव. मेळावा, स्मरणिका, आणि सु.ता.चा हुकूम: "एकही मुलगी सुटता कामा नये." मुली म्हणजे साठी उलटलेल्या. प्रत्येकीने आपापल्या तुकडीचा पट घ्यायचा आणि शोधायला लागायचं. आमच्या दहावी ब चा पट माझ्याकडे आला. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्मभर कार्डं लिहिली, त्यामुळे यादी म्हटलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. संघाच्या वार्तापत्रातली श्रद्धांजलीची यादीही मीच करते. ते काम तर कोणालाच नको असतं.

एकेचाळीस नावं. सापडलेल्या सव्वीस, गेलेल्या चार. राहिल्या अकरा. अकरातली एक रोल नंबर सत्तावीस, लता शितोळे.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "सापडली तर काय करशील?" मी म्हटलं, चहा करीन. दुसरं काय सांगणार.

९ ऑगस्ट

पटावर सगळ्या माहेरच्या नावाने, जगात वावरतात सासरच्या. आडनाव बदलतं हे ठीक, ते धरूनच चालतो. पण आमच्या वेळी निम्म्या जणींची पहिली नावंही लग्नात बदलली. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने नाव लिहायचं, की झाली शकूची मृणालिनी. आमच्यात ही पद्धत नाही. बागवानची तांबोळी झाले, पण जुबेदा ती जुबेदाच राहिले. मला शोधणं अगदी सोपं. कोणी शोधलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आज सदाशिव पेठेत एक फोन. सून होती. विचारलं, तुमच्या सासूबाई माहेरच्या पुष्पा का? ती म्हणाली, "नाही हो, आमच्या आईंचं नाव पहिल्यापासून स्नेहलता." मागून आवाज आला, "अगं दे इकडे, मीच पुष्पा." तीस वर्षं एका घरात राहतात त्या.

प्रत्येकीची दोन कार्डं करतेय. एक माहेरच्या नावाचं, एक सासरच्या. पहिल्यावर लिहायचं "पाहा" आणि पुढे दुसरं नाव. ग्रंथालयात टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकांसाठी हेच करायचो. लताच्या कार्डावर "पाहा" लिहिलंय. पुढे कोरं.

१७ ऑगस्ट

लता. पाचवी ते दहावी एका बाकावर. मला सायकलची परवानगी नव्हती, अब्बांना आवडायचं नाही. तिची होती, काळी, थोरल्या भावाची, दांडीवाली. मी गणेश पेठेतल्या आमच्या कोपऱ्यावर उभी राहायचे, ती रास्ता पेठेतून उलटी वाकडी वाट करून यायची. मी कॅरियरवर बसून इतिहास मोठ्याने वाचायचे, ती पेडल मारत ऐकायची. परीक्षेचा तिचा अभ्यास तेवढाच. मार्क मात्र माझ्यापेक्षा जास्त. मी चिडायचे. ती म्हणायची, "तू वाचतेस छान, लक्षात ठेवायचं कामही तूच कशाला करतेस?"

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. पत्रिका आली, कार्यालय नागपूरचं. चि. सौ. कां. लता, आणि मुलगा देशमुखांचा. अम्मी म्हणाली, एवढ्या लांब, एकटी पोर? अब्बांनी तोंडासमोरचा पेपरही खाली केला नाही. मी हट्ट धरला नाही. धरायला हवा होता. त्यानंतर तिच्या घरचेही रास्ता पेठेतली खोली सोडून गावी गेले, विचारायचं कोणाला हे उरलंच नाही. पुढच्या वर्षी माझा निकाह, मग मुलं, मग नोकरी. असं म्हणते मी. खरं तर एक बंद दार होतं आणि मी ते परत ठोठावलं नाही.

आमच्या मेळाव्यात हजेरी घेतात, जुन्या पटावरून, माहेरच्या नावाने. आलेली "हजर, बाई" म्हणते. न आलेलीसाठी तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने उभं राहून कारण सांगायचं, शाळेत सांगायचो तसं. कोणी सांगतं अमेरिकेला, कोणी सांगतं गुडघे. एकदा कोणीतरी "सुनेचं बाळंतपण" म्हणालं तेव्हा अर्धं सभागृह उसासलं. मी दरवर्षी उभी राहून दोनच शब्द म्हणते: पत्ता नाही.

३१ ऑगस्ट

फेसबुकवर लता देशमुख इतक्या, की मोजणं सोडलं. एक सिडनीला, एक कीर्तन करते, एकीने फोटोऐवजी गुलाब लावलाय. बावीस जणींना निरोप टाकला. एकीचंच उत्तर: "मी ती नाही, पण कोणीतरी कोणाला इतकं शोधतंय हे वाचून बरं वाटलं."

हे म्हणाले, "इतना क्या ढूँढती?" घरी आमची दखनी.

वय झालं की माणसाला म्हणे धर्म आठवतो, नातवंडं आठवतात. मला ती काळी सायकल आठवते. पाठमोरी लता, दोन वेण्या, ब्लाउजला डाव्या खांद्याशी घामाचा डाग. तोंड आठवायला गेलं की नीट येत नाही. पाठ मात्र अशी दिसते की हात लावावा.

१४ सप्टेंबर, रविवार

हेमाचा फोन. हेमा आमची मॉनिटर, अजूनही तशीच वागते. म्हणाली, "बस खाली. एका लग्नात लताची मावसबहीण भेटली. तुझी लता पुण्यात आहे. निदान होती. नवरा रिटायर झाल्यावर वारज्याला फ्लॅट घेतला, त्याला बारा वर्षं झाली."

वारजे. आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. बारा वर्षं.

हेमाला विचारलं, फोन नंबर? मावसबहिणीचं फार येणंजाणं नाही म्हणे, तीनचार वर्षांत भेट नाही. पत्ता काढून देते म्हणाली. "आणि हे बघ, लता म्हणून शोधू नकोस. लग्नात नाव बदललं. वैशाली देशमुख."

फोन ठेवला, कार्ड काढलं, "पाहा" च्या पुढे लिहिलं, वैशाली देश... आणि हात थांबला. ही अक्षरं मी या हाताने आधी लिहिली आहेत.

कपाटातून जुनी वार्तापत्रं काढली. तीन वर्षांपूर्वीचा अंक, शेवटचं पान, श्रद्धांजली. अकरा नावांत सातवं. वैशाली देशमुख, पुणे. खाली: संकलन, जुबेदा तांबोळी.

आठवलं. कोणीतरी फोनवर कळवलं होतं, आपली एक विद्यार्थिनी गेली. मी नाव लिहून घेतलं. माहेरचं नाव विचारलं नाही. जिवंत बायकांची दोन दोन कार्डं करणारी मी, मेलेलीचं मूळ नाव विचारलं नाही. त्या वर्षी मेळाव्यात यादी मीच वाचली. स्पष्ट उच्चारात. वाचून झाल्यावर पाणी प्यायले, आणि मग हजेरी सुरू झाली, लता शितोळे पुकारलं, आणि मी उभी राहून म्हटलं, पत्ता नाही.

१५ सप्टेंबर

काही लिहवत नाही. स्वयंपाक केला. भात करपला.

ह्यांनी मगरिबच्या नमाजनंतर तिच्या आत्म्यासाठी फातिहा पढली. मी म्हटलं, ती हिंदू होती. म्हणाले, मग काय झालं.

२२ सप्टेंबर

सु.ता.ना सांगितलं. म्हणाल्या, "जुबेदा, स्मरणिकेत तिच्यावर पानभर लिहा. आणि घरून एक फोटो मिळवा. मनाला लावून घेऊ नका." शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडी नवीन.

पान लिहिलं. सायकल, इतिहास, तिचं हसू. तीनदा खोडलं. चांगलं उतरलंय. तिच्यावर चांगलं लिहिता आलं याचाच राग येतोय.

हेमाने वारज्याचा पत्ता पाठवला.

५ ऑक्टोबर, रविवार

आजचं सगळं लिहायचंय. हात दुखला तरी.

दुखवट्याच्या घरी रिकाम्या हाताने जातात. पण तीन वर्षांनी जाताना काय न्यायचं? काही नेलं नाही. दुसरा मजला, पाटीवर "देशमुख". बेल वाजवली. दार एका बाईने उघडलं, पांढरे केस आखूड कापलेले, गाऊनवर ओढणी, हाताला कोथिंबिरीची पानं चिकटलेली. नणंद असेल असं वाटलं.

म्हटलं, "मी वैशालीताईंची शाळेतली मैत्रीण. संघातर्फे आलेय. त्यांचा एखादा फोटो मिळेल का?"

"कशाला हवाय?"

"स्मरणिकेसाठी. श्रद्धांजलीचं पान आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जिवंतपणीचा चालेल का? आत ये, जुबेदा."

आवाजाने ओळखलं. तोंडाने नाही.

मी उंबऱ्यातच खाली बसले. तिने हाताला धरून उठवलं नाही. "बस हवं तेवढं, मी कोथिंबीर धुऊन येते," म्हणाली. धुऊन आली तेव्हा मी खुर्चीवर होते, रडत. ती रडली नाही. चहा टाकला. बाल्कनीतून नवऱ्याने विचारलं, "वैशाली, कोण आलंय गं?" ती म्हणाली, "शाळेतली आहे कुणीतरी."

कुणीतरी.

तिच्या खालच्या मजल्यावर शाळेतलीच एक आहे, आमच्यापेक्षा बरीच लहान. तीन वर्षांपूर्वी ती अंक घेऊन वर आली होती, हसत, "काकू, या बघा तुम्ही वारलात." लताही हसली म्हणे. मग तिने खालची ओळ वाचली, संकलनाची. आज मला म्हणाली, "मला वाटलं, जुबेदाला माझं आत्ताचं नाव ठाऊक आहे. मी पुण्यात आहे हेही ठाऊक आहे. भेटली नाही कधी, आणि आता मारून मोकळी झाली. मग मी म्हटलं, जाऊ दे, त्यांच्याकडे मेलेलीच बरी."

मी सगळं सांगितलं. दुसरी वैशाली देशमुख असणार, फोन आला, मी विचारलं नाही, चूक माझी. लता, लता, असं दर वाक्यात म्हणत होते. ती म्हणाली, "त्या नावाने बोलू नकोस. मला कळतच नाही मलाच म्हणतेस ते. दुसऱ्यांदा म्हटलंस की कळतं."

मग तिने खरी गोष्ट काढली. नागपूरहून, लग्नाला पंधरा दिवस झाले तेव्हा, तिने मला पत्र घातलं होतं. "तू उत्तर दिलं नाहीस."

"दिलं होतं. आठवड्याच्या आत. परत आलं."

"कोणत्या नावाने घातलंस?"

"लता देशमुख."

ती कितीतरी वेळ कप फिरवत बसली. मग म्हणाली, "सासूबाईंनी पोस्टमनला सांगितलं असणार, इथे लता कुणी नाही. खोटं नव्हतं ते." नवीन नाव तिला स्वतःलाच ताटातल्या तांदळावर वाचून कळलं होतं. पत्रात मला कळवलं नाही, कारण लाज वाटली. "दुसऱ्या बाईची साडी नेसून फोटो काढल्यासारखं वाटायचं. म्हटलं जुबेदाला तरी मी लताच राहते." पोस्टमन अकराला यायचा. दिवाळीपर्यंत ती रोज अकराला दारात काहीतरी काम काढून उभी राहायची. मग दिवस गेले, मग सोडून दिलं.

"परत आलेलं पत्र आहे का तुझ्याकडे?"

"शोधते."

"शोध," म्हणाली. विश्वास बसल्यासारखं नाही म्हणाली, आणि न बसल्यासारखंही नाही. दार लावताना "ये" म्हणाली, पण तसं तर गॅस सिलिंडरवाल्यालाही म्हणतो आपण.

६ ऑक्टोबर

जिवंत आहे. बाकी सगळं नंतर.

हे म्हणाले, फातिहा परत घेता येत नाही, असू दे, जमा राहील. हसले मी. महिन्यात पहिल्यांदा.

तिच्यावरचं पान फाडलं. मग तुकडे जुळवून पाकिटात ठेवले.

१२ ऑक्टोबर

माळा काढला. लोखंडी ट्रंक, दोन्ही बॅगा, निकाहातली पेटी. मुलांची प्रगतिपुस्तकं सापडली, अब्बांच्या दुकानाची बिलबुकं, तिचं नागपूरचं पत्रही सापडलं, चार ओळींचं, खाली "तुझीच लता". माझं नाही. भावाला फोन केला. म्हणाला, "आपा, गणेश पेठेतलं घर सोडलं तेव्हा तीन पोती रद्दी दिली. त्यात काय काय होतं कोण जाणे." तो तेव्हा मला विचारायला आला होता, काही ठेवायचंय का. मी म्हटलं होतं, नको, घर लहान आहे.

तिचं पत्र पुन्हा वाचलं. "इथे विहिरीचं पाणी गोड आहे. सगळे चांगले आहेत. तू लवकर लिही." एवढंच. लवकर शब्दाखाली रेघ.

२ नोव्हेंबर, रविवार

समितीत दुरुस्तीचा विषय काढला. स्मरणिकेत एक ओळ छापू या, अमक्या अंकातल्या श्रद्धांजलीत माहेरचं नाव न दिल्याने गैरसमज झाला, क्षमस्व.

सु.ता. म्हणाल्या, "अमृतमहोत्सवी अंकात आपण जिवंत माणसं मारतो हे छापायचं? मुख्यमंत्री येणार नसले तरी नगरसेवक येणार आहेत."

मी म्हटलं, चूक माझी आहे, माझ्या नावाने छापा.

"तुमचं नाव छापलं की संघाचंच होतं हो."

तासभर वाद. मी सहसा बोलत नाही मीटिंगमध्ये, कार्डं आणते, चहाचे कप मोजते, गप्प बसते. आज म्हटलं, छापणार नसाल तर पट परत घ्या, दहावी ब चा आणि बाकी सगळेच. सु.ता.नी चष्मा काढला. एक ओळ मंजूर झाली, शेवटून दुसऱ्या पानावर, जाहिरातीच्या खाली. आणि यापुढे श्रद्धांजलीत दोन्ही नावं.

ज्या वैशाली देशमुख खरंच गेल्या त्यांच्या मुलीलाही फोन केला, वाघोलीला असते. आमच्यापेक्षा आठ वर्षं मागच्या. माहेरच्या सुजाता. मुलगी म्हणाली, "आईला तिथे सुजाता म्हणून वाचलं असतं तर तिच्या मैत्रिणींनी फोन केले असते. एकीचाही आला नाही. आम्हाला वाटलं, आईला मैत्रिणीच नव्हत्या." सॉरी म्हटलं. दोनदा.

९ नोव्हेंबर

वारज्याला फोन. दुरुस्ती छापतोय सांगितलं, नाव कोणतं घालू? ती म्हणाली, "मला जिवंत करायला तुमचा अंक लागत नाही."

"तरी."

"दोन्ही घाल. नाहीतर तिसऱ्याच कोणालातरी उठवून बसवशील."

मग म्हणाली, "पत्र मिळालं?"

"नाही."

"बरं."

हे "बरं" मला आठवडाभर पुरेल. मेळाव्याला ये म्हटलं, जानेवारीत, अकरा तारखेला. म्हणाली, बघू. पुण्यात "बघू" म्हणजे काय ते शाळेत शिकवत नाहीत, पण सगळ्यांना येतं.

२१ डिसेंबर

वारज्याला गेले. वर गेले नाही. तिच्या बाल्कनीत गाऊन वाळत होता, दोन उशांचे अभ्रे. खालच्या भाजीवालीकडून मेथीची जुडी घेतली आणि परत आले.

"मेथी कोथरूडला मिळत नाही?" हे म्हणाले. जुडी निवडायला मात्र बसले.

शोधत होते तेव्हा बरं होतं असं कधीकधी वाटतं. तेव्हा ती कुठेही असू शकत होती आणि माझ्यावर रागावलेली नव्हती. आता वीस मिनिटांवर आहे आणि...

११ जानेवारी, रविवार

मेळावा झाला. शाळेच्या पटांगणात मांडव, सगळ्या पैठण्या कपाटातून बाहेर. अकरापैकी सात सापडल्या, पाच आल्या. पुष्पा सुनेला घेऊन आली होती, सून सगळ्यांना विचारत होती, आमच्या आई शाळेत कशा होत्या हो. नगरसेवक उशिरा आले आणि लवकर गेले. संघावर उपकार केले.

माझ्या शेजारची खुर्ची मी पर्स ठेवून अडवली होती. तीनदा कोणी ना कोणी विचारलं, "कोणी आहे का इथे?" तीनदा आहे म्हटलं. हजेरीपर्यंत दाराकडे बघत होते. पांढरे आखूड केस खूप आले, आजकाल सगळ्याच कापतात.

सु.ता.नी पट हातात घेतला. दहावी ब. सत्तावीस. लता शितोळे.

कोणी बोललं नाही. मी उभी राहिले. इतकी वर्षं जे म्हणत आले ते म्हणता येत नव्हतं. दुसरं काही ठरवलंही नव्हतं. तोंडातून निघालं, "वारज्याला आहे, बाई. माझ्यावर रागावली आहे."

सगळ्या हसल्या. हसणारच, शाळेत हे कारण चालायचं. मी बसले. सु.ता. हसल्या नाहीत. पेन्सिलीने पटावर काहीतरी लिहिलं, आणि अठ्ठावीस पुकारलं.

परत येताना पर्सच्या खुर्चीकडे बघितलं. मूर्खपणा. जेवणात मसालेभात चांगला होता, मी खाल्ला नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी साडेनऊला फोन. तिचा.

"सगळ्यांसमोर माझा राग सांगितलास म्हणे." खालच्या मजल्यावरचीने सांगितलं असणार.

मी म्हटलं, खरं तेच सांगितलं.

"हं." तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तीही होऊन गेली. म्हणाली, "रविवारी ये. एकटी ये, संघ आणू नकोस." मी हो म्हणायच्या आत पुढे म्हणाली, "पत्र मिळणार नाही, मला माहीत आहे. पण तू लिहिलं होतंस ना? मग त्यात काय लिहिलं होतंस, तेवढं सांग."

आणि फोन ठेवला.

तेव्हापासून वही घेऊन बसलेय. काय लिहिलं होतं? निळं अंतर्देशीय होतं. आमच्या मोरीशेजारच्या खिडकीत बसून लिहिलं होतं, अम्मी आत मटण शिजवत होती. परत आलं तेव्हा लाल शाईतला शेरा होता, "या नावाचे कोणी राहत नाही", त्यातल्या "नाही" ची वेलांटीसुद्धा आठवते. पोस्टमनचं वाक्य पाठ आहे. माझं स्वतःचं एकही आठवत नाही. लक्षात ठेवायचं काम तिचं होतं.

हे म्हणाले, "काहीतरी सांग. इतक्या वर्षांनी तिला काय कळणार?" त्यांना माहीत नाही. माझ्या निबंधातलं कोणतं वाक्य मनापासून आहे आणि कोणतं बाईंसाठी, हे तिला पाचवीपासून कळायचं.

दुपारी थोडं पडले. उठले तेव्हा एक ओळ डोक्यात होती. लगेच उतरवली.

"तिकडे तुला काय म्हणून हाक मारतात, ते कळव."

हे मी खरंच लिहिलं होतं का? की आज ते लिहिलेलं असावं असं वाटतंय म्हणून आठवतंय? चार वेळा वाचलं. वाक्य माझंच वाटतं. पण माझ्या अक्षरात, माझ्या वहीत, माझंच वाटणार.

पुढची ओळ येत नाहीये. परवा रविवार.